थांबलोय, या

१

माझ्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा पहिल्या दहा मिनिटांत तीन प्रश्न विचारतो. हे गाव खरंच बुडतंय का, उन्हाळ्यात वास येतो का, आणि तुम्ही स्वतः इथेच राहता का. बुडतंय, येतो, राहते. एकतीस वर्षं मी हीच तीन उत्तरं देत आले आहे. गळ्यात परवान्याचं कार्ड, पायात रबरी तळाचे बूट, आणि डावा गुडघा प्रत्येक पुलाला शिव्या घालत असतो. व्हेनिसमध्ये पूल चारशेच्या वर आहेत. गुडघ्याला ते सगळे तोंडपाठ आहेत.

मी घोळके घेत नाही. एक माणूस, फार तर दोन. हातात झेंडी उंच धरून चाळीस जणांना हाकत नेणं म्हणजे मेंढपाळाचं काम, ते ज्याला जमतं त्याने करावं. मी चालते, बोलते, माणूस दमला की कुठेतरी बसवते.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या संघटनेच्या कचेरीतून फोन आला. तोरीनोहून एक बाई येताहेत, त्यांना तीन दिवस, रोज दुपारी, पायी फिरवायचं. अट एकच, वाटाडी कान्नारेजो भागात, लिसिया कालव्याच्या काठी वाढलेली हवी आणि साठीच्या पुढची हवी.

"तुझ्याशिवाय एवढं म्हातारं कुणी उरलंच नाही, ओर्सोला," कचेरीतली पोरगी म्हणाली.

"म्हातारी असेल तुझी सासू," मी म्हटलं आणि काम घेतलं.

लिसिया कालवा बघायला कुणी येत नाही. तिथे चर्च नाही, राजवाडा नाही. दोन्ही बाजूंना विटांच्या भिंती, एक पूल, एक काटकोनी वळण, आणि त्या वळणावर पहिल्या मजल्याची एक खिडकी. त्या खिडकीमागे मी लहानाची मोठी झाले.

२

फुल्वियाबाई स्टेशनच्या पायऱ्यांवर उभ्या होत्या. सदुसष्ट वर्षांच्या, करड्या कोटातल्या, छातीशी प्लास्टिकची फाइल धरलेल्या. मी नेहमीसारखी सुरुवात केली, तर त्यांनी हात वर केला.

"मला काही दाखवू नका. मी इथलीच आहे. पंधरा वर्षांची होते तेव्हा आम्ही गाव सोडलं. मला फक्त एका वाटेने चालायचंय, आणि ती वाट माहीत असलेलं माणूस सोबत हवंय."

फाइलमध्ये चौकशीच्या एका जुन्या कागदाची प्रत होती. चालता चालता त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचा भाऊ सिलव्हानो हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका धोबीखान्यात होता. धुतलेले गठ्ठे होडीत घालून पोचवायचा, उभ्याने वल्हं मारत. वय बावीस. एकोणीसशे बहात्तरच्या नोव्हेंबरात, दुपारी चारच्या सुमाराला, दाट धुक्यात, लिसिया कालव्याच्या वळणावर विटा भरलेली एक मोटरहोडी मागून त्याच्यावर आदळली. कागदात लिहिलं होतं की त्याची होडी वळणाच्या तोंडाशी उभी होती. चालत नव्हती. विनाकारण उभी होती.

"विनाकारण," फुल्वियाबाई म्हणाल्या. "हा शब्द आमच्या घरात राहायला आला. लोक म्हणाले, त्याने चार सावल्या घेतल्या असतील, म्हणून तिथे डुलत उभा राहिला."

आमच्याकडे वाइनच्या छोट्या ग्लासाला सावली म्हणतात. का, ते विचारू नका, पाहुण्यांना मी दर वेळी निराळं कारण सांगते.

"बाबा त्याला दारुडा म्हणत म्हणत गेले. भिंतीवर फोटोसुद्धा लावू दिला नाही. आई चौऱ्याण्णव वर्षांची आहे. आता रोज संध्याकाळी विचारते, फुल्विया, तो प्यायला होता का गं? नव्हता तर मग थांबला कशाला? तिला एवढं एक ऐकून जायचंय. डॉक्टर म्हणतात, नाताळ काही बघायची नाही. कुणाला तरी माहीत असेल ना हो? एवढी घरं होती, एवढ्या खिडक्या होत्या."

"असेल," मी म्हटलं.

तो का थांबला ते मला माहीत आहे. जगात फक्त मलाच माहीत आहे.

मला गालगुंड झालं होतं. नऊ वर्षांची होते. गळ्याभोवती लोकरी फडकं, शाळा बंद, आई कामावर. दिवसभर खिडकीत बसून मी होडीवाल्यांची नक्कल करायचे. वळणाआधी ते ओरडतात, तशी मी घसा खरवडून जाड्या आवाजात ओरडायचे: ओऽए! खालचा होडीवाला फसून थांबायचा, वाट बघायचा, मग वर बघून मला शिव्या द्यायचा. मला त्याची फार गंमत वाटायची. त्या दिवशी धुक्यात खालचं काही दिसत नव्हतं. वळणापलीकडून हाक आली, ओऽए. मी वरून उत्तर दिलं, ओऽए. खालून एक हसरा आवाज म्हणाला, "काय रे बेडका, घसा बसला काय? बरं, थांबलोय, या!"

मग मोटरचा आवाज आला.

हे मी आईला सांगितलं नाही, चर्चमध्ये सांगितलं नाही, नवऱ्याला तो जाईपर्यंत सांगितलं नाही. आणि त्या पहिल्या दुपारी फुल्वियाबाईंनाही सांगितलं नाही. लाज वाटत होती, दुसरं काय.

३

त्या दिवशी आम्ही धोबीखान्यापासून सुरुवात केली. तिथे आता योगासनं शिकवतात. वाट कालव्याला धरून जात नाही, आत शिरते, बाहेर येते, म्हणून दहा मिनिटांचं अंतर चालायला अर्धा तास लागला. पुलावर पोचलो तेव्हा चारला पाच मिनिटं होती.

कालवा कोरडा होता. मला हे माहीत होतं, त्यांना नव्हतं. आमच्याकडे दर काही वर्षांनी एकेक कालवा दोन्ही टोकांना फळ्या ठोकून बंद करतात, पाणी उपसतात, गाळ काढतात, भिंतींचे पाय दुरुस्त करतात. लिसियाची पाळी या महिन्यात आली होती. पुलाखाली दीड माणूस खोल खड्डा, तळाला काळा चिखल, चिखलात बाटल्या, एक खुर्ची, एक सायकल. तळाशी उभं राहिलं तर भिंतींवरची शेवाळाची रेघ डोक्याच्या वर जाईल. कामगार साडेतीनलाच निघून गेले होते.

"अरे देवा," फुल्वियाबाई म्हणाल्या. "हा एवढासाच?"

"पाणी असलं की मोठा वाटतो."

समोर वीस पावलांवर वळण. कालवा डावीकडून येऊन तिथे काटकोनात वळतो, त्यामुळे पुलावरून पलीकडचं काहीच दिसत नाही. वळणाच्या कोपऱ्यावर माझी खिडकी. ते घर आता पाहुण्यांना आठवड्याने देतात, दाराला आकडे दाबायचं कुलूप आहे. खिडकी बंद होती.

चार वाजून दहा मिनिटांनी वळणापलीकडून हाक आली.

ओऽए.

मी मान वळवली नाही. शेजारच्या कालव्यातून गोंडोला जातात, आवाज भिंतींवरून उड्या मारत कुठूनही कुठे येतो, हे मी स्वतः पाहुण्यांना सांगते. फुल्वियाबाई फाइलमध्ये काहीतरी शोधत होत्या, त्यांनी बहुतेक ऐकलं नसावं.

पुढे गेल्यावर मला एक गोष्ट खटकली. कोरड्या कालव्यात आवाज मरतो. चिखल तो गिळून टाकतो, बोललेलं बोळ्यातून आल्यासारखं येतं. ही हाक मात्र सपाट, लांब, ओली आली होती. पाण्यावरून येते तशी.

४

फुल्वियाबाईंना हॉटेलवर सोडून मी नेरीनाच्या बारमध्ये गेले. नेरीना आणि मी एका बाकावर बसून शिकलो. बार तिच्या वडिलांचा, त्यांच्यानंतर तिचा. मी न सांगताच तिने पांढऱ्याची एक सावली आणि माशाचं वाटण लावलेला पोलेंटाचा, म्हणजे मक्याच्या पिठाचा, तुकडा पुढे सरकवला.

"तोंड का पडलंय? पाहुणी खडूस आहे?"

"नाही. सिलव्हानोची बहीण आहे. चादरींच्या होडीवाला सिलव्हानो."

नेरीनाचा हात पुसता पुसता थांबला. "आई गं. काय चौकशी करतेय?"

"तो प्यायला होता का."

"डोंबल प्यायला होता. बाबा मरेपर्यंत सांगत होते, पोराने एक सावली घेतली, तीही उभ्या उभ्या. लोकांनी तिच्या चार केल्या. कुणी ऐकलं का बाबांचं? लोकांना गोष्ट हवी असते." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला तेव्हा गालगुंड होतं ना? तू घरीच होतीस की."

"ताप होता. झोपले होते," मी म्हटलं. बावन्न वर्षं घोटलेलं वाक्य, अडखळायला झालं नाही.

"नेरीना, हल्ली चारच्या सुमाराला लिसियाच्या बाजूने कोण हाक देतं?"

"कोण देणार? कालवा कोरडा आहे."

"शेजारच्या कालव्यातून?"

"तिथे एकदिशा मार्ग केलाय उन्हाळ्यापासून. हाक द्यायची गरजच नाही कुणाला. आणि आताची पोरं वळणावर हाक देतात थोडीच, मोबाइलमध्ये तोंड खुपसून असतात." तिने ग्लास उचलून नेला. "कानात मळ साठला असेल तुझ्या. तेल घाल."

मी घरी जाऊन खरंच तेल घातलं.

५

दुसऱ्या दिवशी आम्ही पुलावर जरा लवकर पोचलो. मुकादम इवानो अजून तिथेच होता, गुडघाभर बुटांत, भडकलेला.

"ओर्सोलाबाई, तुम्ही इथल्या. या गल्लीत कुणाकडे सपाट बुडाची होडी आहे?"

"अर्ध्या गावाकडे आहे. का?"

"कोणी रिकामटेकडा माझ्या चिखलात होडी ओढत आणतो. हे बघा."

त्याने वळणाकडे बोट दाखवलं. कोपऱ्याच्या आडून चिखलात एक रुंद, गुळगुळीत पट्टा बाहेर आला होता आणि हातभर पुढे येऊन थांबला होता. बाजूला पावलांची खूण नाही, दोरीची खूण नाही. नुसता पट्टा.

"मागून कुठून येतो?" मी विचारलं.

"पार टोकाच्या फळ्यांपासून. रोज फावड्याने मोडतो, रोज सकाळी परत. आणि थांबतो तो तिथेच. बोटभर इकडे नाही, तिकडे नाही. अहो, मस्करी करायची तर पूर्ण करा ना, अर्ध्यात काय थांबता?"

फुल्वियाबाईंनी कागद काढला आणि त्यावर एका जागी बोट धरून ठेवलं. कागदावर वळणाचा नकाशा होता, आणि पट्टा थांबला होता बरोबर तिथे फुली होती. "सोमवारी पाणी सोडतोय, मग बघू कसा ओढतो ते," म्हणत इवानो घड्याळ बघून निघून गेला.

मी स्वतःची समजूत घालत होते. कुणीतरी चौकशीचा हा कागद वाचला असेल. कुणाला तरी माझी खोड काढायची असेल. पण मला ओळखतं कोण आणि माझं कुणाला माहीत आहे काय?

चार दहा. ओऽए.

या वेळी फुल्वियाबाईंनी मान वर केली. "हे काय होतं?"

आता मी एकतीस वर्षांच्या सवयीची बाई. कुणी प्रश्न विचारला की तोंड आपोआप सुरू होतं. "वळणावर पलीकडचं दिसत नाही ना, म्हणून होडीवाला आधी हाक देतो. पलीकडून कुणी येत असेल तर तो उलट हाक देतो, तीच. मग पहिल्याने थांबायचं, भिंतीला हात लावून होडी धरायची, दुसऱ्याला येऊ द्यायचं. उत्तर नाही आलं तर वाट मोकळी, खुशाल जायचं."

"हो, आठवतंय. सिलव्हानो घरातसुद्धा दारातून वळताना ओरडायचा, आई वैतागायची." त्या हसल्या, आणि हसू तोंडावरच राहिलं. "मग आत्ता कुणी उत्तर दिलं नाही."

"नाही."

"म्हणजे त्याने यायला हवं."

मी वळणाकडे बघितलं. कोणी आलं नाही. चिखलावर एक कबुतर चालत होतं, तेही थांबलं.

"आणि समजा," त्या हळू म्हणाल्या, "उत्तर आलं, पण समोरून कुणी आलंच नाही. तर किती वेळ थांबायचं?"

हजारो पाहुण्यांना मी ही हाक समजावली आहे. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. उत्तर सोपं आहे, इथल्या कुठल्याही पोराला येतं. ज्याने ओऽए म्हटलं तो येईपर्यंत थांबायचं. त्याच्या आधी निघालात तर टक्कर होते आणि चूक तुमची धरली जाते.

पुलाचा कठडा मी दोन्ही हातांनी धरला. काल मी गप्प होते, आज गप्प होते. गप्प म्हणजे मोकळी वाट. तरी पट्टा तिथेच होता. वाट मोकळी असूनही जो पुढे येत नाही, त्याला उत्तर आधीच मिळालेलं असतं.

"ओर्सोलाबाई, तुम्ही पांढऱ्या पडलात."

"गुडघा," मी म्हटलं. "आज इथपर्यंतच."

६

तिसऱ्या दिवशी धुकं होतं. मी सकाळपासून वाक्य जुळवत होते आणि एकही धड जमत नव्हतं. पुलावर पोचलो, चारला दहा मिनिटं होती, तेव्हा जे आलं ते सरळ बोलून टाकलं.

"तो प्यायला नव्हता. त्याला उत्तर मिळालं होतं, म्हणून तो थांबला. ते उत्तर मी दिलं होतं. त्या खिडकीतून. खेळ म्हणून."

फुल्वियाबाईंनी खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा कसा झाला ते मी सांगू शकते, पण सांगणार नाही, तेवढं तरी त्यांचं त्यांच्याजवळ राहू दे.

"पन्नास वर्षं," त्या म्हणाल्या.

"बावन्न."

"माझे बाबा त्याच्या नावाने थुंकत गेले! तुम्ही दोन दिवस माझ्या शेजारी चाललात, मला पायऱ्या सांभाळा म्हणालात, माझ्याबरोबर कॉफी प्यायलात—"

"हो."

"माफी मागू नका. मी देणार नाही."

"नाही मागत," मी म्हटलं. रडू येत होतं, पण तिथे रडायचा हक्क माझा नव्हता.

त्यांनी फोन काढला. दोनदा नंबर चुकला. मग आवाज मोठा करून फोन माझ्या तोंडासमोर धरला. "मला नको सांगू. आईला सांग."

पलीकडे भांड्यांचा आवाज होता. मग श्वास. मग एक अगदी कोरडा, आमच्याच गावचा आवाज. "कोण?"

मी नाव सांगितलं. घर सांगितलं. वळण, खिडकी, गालगुंड, सगळं सांगितलं. "आजी, तो प्यायला नव्हता. मी ओऽए म्हटलं. त्याने ऐकलं. तो म्हणाला, थांबलोय, या."

भांडी वाजायची थांबली.

"किती वर्षांची होतीस?"

"नऊ."

"आणि मग गेली नाहीस?"

मला कळलं नाही. "कुठे, आजी?"

"अगं, ओऽए म्हटलंस ना तू? ओऽए म्हणजे काय? येते म्हणालीस त्याला. तो थांबला. मग तू गेली नाहीस?"

"मी... मी खिडकीत होते."

"ते त्याला काय माहीत, पोरी?" आवाजात राग नव्हता. कुणी पोराला शाळेतून आणायला विसरलं की बायका विचारतात, तसं ती विचारत होती. "माझा सिलव्हानो फार शहाणा मुलगा. सांगितलेलं ऐकणारा. थांब म्हटलं की थांबणारा."

तेव्हाच वळणापलीकडून हाक आली, आणि ती फोनमध्येही गेली असणार, कारण आजी एकदम गप्प झाल्या.

ओऽए.

मग थोडं थांबून, हसऱ्या आवाजात, आम्हाला तिघींनाही स्पष्ट ऐकू येईल असं: "थांबलोय, या!"

फुल्वियाबाईंनी माझा दंड धरला. धुकं वळणाच्या कोपऱ्यावर जमिनीला टेकलं होतं. त्यातून होडीचं नाक बाहेर आलेलं होतं, हातभर, बरोबर पट्ट्याच्या टोकापर्यंत. काळं, ओलं. त्याच्यावरून एक थेंब खाली चिखलावर पडला आणि तिथे गोल वर्तुळ उमटून पसरत गेलं. चिखलात वर्तुळ उमटत नाही. नाकामागे पांढऱ्या गठ्ठ्याची कड होती, आणि कोपऱ्याच्या विटांवर, पुढे पाणी असलं तर जिथे होडीवाला हात टेकेल तिथे, एक हात टेकलेला होता. तळवा पसरून, होडी धरून ठेवल्यासारखा. बाही कोपरापर्यंत दुमडलेली.

"हिरवी," फुल्वियाबाई म्हणाल्या. एवढंच.

फोनमधून आजी म्हणाल्या, "मी विणली होती."

मला पळायचं होतं. गुडघ्याचं कारणसुद्धा तयार होतं. पण तो हात दमलेला दिसत होता. विटांवर टेकून टेकून बोटांची पेरं वाकली होती. बावन्न वर्षं कुणीतरी येतंय म्हणून धरून ठेवलेली होडी.

"येते," मी म्हटलं. ओऽए नाही म्हटलं, तो शब्द पुन्हा उच्चारायची हिंमत झाली नाही. "पाणी येऊ दे. सोमवारी येते."

हात विटांवरून हलला नाही. आम्ही बघत राहिलो. मग धुकं दाट झालं, आणि विरळ झालं तेव्हा तिथे भिंत होती, आणि भिंतीवर पाच बोटांची ओली खूण.

७

फुल्वियाबाई शुक्रवारी परत गेल्या. स्टेशनच्या पायऱ्यांवर त्यांनी माझा हात हातात घेतला नाही. म्हणाल्या, "आई काल रात्री झोपली. फोटो लावलाय समोर. पहिल्यांदाच." मग दोन पायऱ्या चढून मागे वळल्या. "सोमवारी झालं की कळवा."

"कळवते."

"आणि नाही जमलं तर?"

"जमेल," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

शनिवारी इवानोच्या माणसांनी काम संपवलं. सोमवारी सकाळी फळ्या काढल्या, दुपारपर्यंत भरतीचं पाणी आत आलं. मी पुलावरून बघितलं. कालवा पुन्हा मोठा वाटत होता. चिखल, सायकल, पट्टा, सगळं हिरव्या पाण्याखाली गेलं होतं.

नेरीनाच्या नवऱ्याची होडी बारच्या मागे बांधलेली असते. तिने दोर सोडायला मदत केली, पण तोंड चालूच होतं.

"दहा वर्षांत वल्हं धरलं नाहीस. या गुडघ्याने उभी राहणार? कालव्यात पडलीस तर मी नाही उडी मारणार, पाणी थंड आहे."

"नको मारू."

"आणि जायचं कुठे एवढं?"

"लिसियाच्या वळणापर्यंत."

"त्यापुढे?"

आमच्या कालव्यात येणाऱ्याला आधी जाऊ देतात, थांबलेला मग निघतो. पण तो कुठे निघणार आणि मी कुठे पोचणार, हे कुणी शिकवलेलं नाही. मोटरहोडी मागून आली होती, एवढं आठवतं. म्हणून मी नेरीनाला सांगितलं की लिसियाच्या पलीकडच्या तोंडाशी उभी राहा, आणि साडेचारपर्यंत आत कुणाला सोडू नकोस. ती माझ्याकडे बघत राहिली. गालगुंडात मी झोपलेली नव्हते, हे तिला तेव्हा कळलं असावं. ती कोट घालून निघाली.

चारला पाच कमी आहेत. धुकं पडलंय. हे मी पुलाखाली होडी धरून, हातमोजा काढून लिहितेय, कारण फुल्वियाबाईंना कळवायचं कबूल केलंय आणि नंतर वेळ मिळेल न मिळेल. वीस वल्ही मारली की वळण आहे.

तिथे पोचल्यावर आधी हाक द्यायची असते. ती मी देईन. फक्त तेव्हा माझा घसा बसलेला होता आणि आता बसलेला नाही. आवाज त्याला ओळखू येईल का, एवढीच काळजी आहे.